‘तुमची कामाची पद्धत कशी आहे?’ या प्रश्नाला काय उत्तर द्यावं

एका वाचक मैत्रिणीने पत्रातून विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: सहा वर्षं पुरवठा विभागात समन्वयाचं काम केलं. वरिष्ठ कामावर खूश होते. पण गेल्या तीन मुलाखतींत गाडी एकाच ठिकाणी अडली. ‘तुमची काम करण्याची पद्धत कशी आहे?’, ‘एकाच वेळी अनेक कामं आली तर काय करता?’, ‘तुम्ही कार्यक्षम आहात असं का म्हणता?’ या तिन्ही प्रश्नांना ‘मी मेहनती आहे, शिस्तीने काम करते, वेळेचं नियोजन चांगलं आहे, दबावाखाली काम करू शकते’ अशी उत्तरं दिली. पॅनेलने मान डोलावली आणि पुढचा प्रश्न विचारला. निवड झाली नाही. चुकलं कुठे, आणि दहा दिवसांनी असलेल्या मुलाखतीत काय सांगावं?

मी अठरा वर्षं मुलाखती घेते आहे, आणि पाच-सहा वेळा समोरच्या खुर्चीतही बसले आहे. तुमच्या उत्तरात खोटं काहीच नव्हतं. फक्त त्यात आम्हाला लिहून घेण्यासारखं काही नव्हतं. हे मी शब्दशः म्हणते आहे. आमच्यासमोर एक कागद असतो. त्यावर ‘प्राधान्य ठरवणे’, ‘पाठपुरावा’, ‘अडचण हाताळणे’ असे मुद्दे आणि प्रत्येकापुढे एक ते पाच गुण असतात. शेजारी थोडी मोकळी जागा असते, गुण कशावरून दिले ते लिहायला. ‘मेहनती’ हा शब्द तिथे लिहून उपयोग नसतो, कारण त्या दिवशी आलेल्या प्रत्येकाने तो उच्चारलेला असतो. ती जागा कोरी राहिली की हात आपोआप तीनच्या आकड्याकडे जातो. सगळ्या रकान्यांत तीन मिळालेला उमेदवार कुणालाच वाईट वाटत नाही, पण त्याच्यासाठी पॅनेलमधला कुणी आग्रहही धरत नाही.

विशेषणांची ही अडचण फार जुनी आहे. १९४१ मध्ये अमेरिकेच्या लष्करी हवाई दलाच्या प्रशिक्षणातून वगळलेल्या १००० उमेदवारांच्या नोंदी तपासल्या गेल्या. वगळण्याची कारणं म्हणून ‘उड्डाणाची उपजत क्षमता नाही’, ‘पुरेशी प्रगती नाही’ असे ठोकळेबाज शेरे सापडले. त्यावरून पुढच्या तुकडीसाठी काय बदलायचं, हे कुणालाच सांगता येईना. मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅनगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युद्धकाळात विचारण्याची रीतच बदलली. माणूस कसा आहे ते राहू द्या, अमुक वेळी त्याने नेमकं काय केलं ते सांगा, असं ते विचारू लागले. १९५४ मध्ये त्यांनी ही पद्धत सविस्तर मांडली. आज तुम्हाला विचारतात ते ‘एखादा प्रसंग सांगा’ त्याच कुळातलं आहे. अशा मुलाखतींवर कंपन्यांचा भरवसा का, याचंही उत्तर आहे. १९९८ मध्ये फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी ८५ वर्षांचं संशोधन एकत्र केलं. सर्वांना तेच प्रश्न आणि तीच गुणपद्धत असलेल्या मुलाखतीचा नंतरच्या कामगिरीशी संबंध ०.५१ निघाला (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण), तर मोकळ्या गप्पांसारख्या मुलाखतीचा ०.३८. २०२२ च्या फेरतपासणीत हे आकडे खाली आले, तरी ठरावीक प्रश्नांची मुलाखत ०.४२ सह निवडीच्या सगळ्या साधनांत वरच राहिली.

म्हणून प्रश्न कसाही आला तरी उत्तर प्रसंगातूनच द्या. ‘तुमची पद्धत कशी आहे?’ असं विचारलं की एका वाक्यात पद्धत सांगा, आणि लगेच ती जिथे कामाला आली त्या दिवसावर या.

आता त्या प्रश्नामागे काय असतं ते सांगते. मी जेव्हा कामाच्या पद्धतीबद्दल विचारते तेव्हा माझ्या डोक्यात उद्या माझ्या टीममध्ये बसलेली तुम्ही असता. तुमचं काम कुठवर आलं हे मला न विचारता कळेल का? दोन साहेबांनी एकाच दुपारी दोन तातडीची कामं दिली तर तुम्ही गप्प राहून दोन्ही अर्धवट कराल, की उठून बोलाल? उशीर होणार हे तुम्हाला मंगळवारी कळलं, तर मला मंगळवारी कळेल की शुक्रवारी संध्याकाळी? दुसऱ्याकडून माहिती यायची आहे आणि ती येत नाही, तेव्हा तुम्ही किती दिवस वाट पाहता? कागदावर काहीही छापलेलं असो, अनुभवी माणूस ऐकत असतो ते हेच. एकदा हे ध्यानात आलं की वीस वेगवेगळ्या प्रश्नांची वीस उत्तरं पाठ करावी लागत नाहीत. चार-पाच प्रसंग नीट माहीत असले की पुरतं.

तुम्ही पत्रात एक गोष्ट ओझरती लिहिली आहे: ‘आठवड्याचा अहवाल आधी पूर्ण दिवस खायचा, मी तो दोन तासांवर आणला.’ तीन मुलाखतींत हे तुम्ही एकदाही सांगितलं नाही! तुमच्याकडचं सगळ्यात भक्कम उत्तर हेच आहे, फक्त अजून सोललेलं नाही. मी पॅनेलवर असते तर विचारलं असतं: दिवस जातो हे कळत होतं, पण तो नेमका कशात जातो हे कसं शोधलं? तुम्ही म्हणता, तीन आठवडे प्रत्येक टप्प्याची वेळ लिहून ठेवली. हे सोनं आहे, कारण बहुतेक लोक अंदाजावर सुधारणा करायला जातात. मग कळलं की हिशेबाला वेळ लागतच नव्हता. चार विभागांकडून चार तऱ्हेच्या एक्सेल शीट यायच्या आणि त्या जुळवण्यातच पाच तास जायचे. मग एकच नमुना केला. तो चौघांनी लगेच स्वीकारला का? नाही, एका विभागाने नकार दिला. मग?

या ‘मग?’पाशी थांबा. उमेदवार इथून घाईने पुढे सरकतात, कारण नकार मिळाला होता हे सांगणं त्यांना कमीपणाचं वाटतं. ऐकणाऱ्याला मात्र माणूस तिथेच दिसतो. तुम्ही त्या विभागात जाऊन अर्धा तास बसलात, त्यांचा जुना तक्ता त्यांना दुसऱ्या एका कामासाठी लागतो हे कळलं, आणि त्यांच्यासाठी तुमच्या नमुन्यात दोन रकाने वाढवलेत. हे जसंच्या तसं सांगा. पूर्ण उत्तर साधारण असं होईल:

‘काम हातात घेतलं की आधी वेळ कुठे जातो ते मी मोजते, बदल त्यानंतर करते. आमचा साप्ताहिक अहवाल बनवायला पूर्ण दिवस लागायचा. तीन आठवडे प्रत्येक टप्प्याची वेळ लिहिली, तेव्हा दिसलं की पाच तास फक्त चार विभागांच्या शीट एकमेकींशी जुळवण्यात जातात. मी एक नमुना तयार केला. तीन विभाग तयार झाले, चौथ्याने नकार दिला. त्यांच्याकडे जाऊन बसले, तेव्हा त्यांची अडचण समजली. दोन रकाने वाढवले आणि त्यांनीही तो वापरायला घेतला. दीड महिन्यानंतर अहवाल दोन तासांत होऊ लागला. नमुना सहकाऱ्यांच्या मदतीने केला होता. वेळ मोजणं आणि विभागांशी बोलणं मी केलं. आज पुन्हा करायचं झालं तर नमुना पाठवण्याआधीच चारही विभागांना विचारेन.’

हे मोठ्याने बोलून पाहा. सावकाश बोललात तरी मिनिटभराच्या आसपास संपतं. मुलाखतीत दीड मिनिटापर्यंतचं उत्तर ऐकलं जातं. दोन मिनिटांनंतर ऐकणारा तुमच्या बोलण्यातला पुढचा प्रश्न शोधू लागतो. शेवटच्या तीन वाक्यांकडेही बघा. श्रेयाची वाटणी स्वतःहून केली की ‘यात तुमचा वाटा किती?’ हा खोचक प्रश्न येतच नाही, आणि ‘पुन्हा केलं तर काय बदलेन’ हे सांगितलं की त्या अनुभवातून काय हाती लागलं ते दिसतं. स्टार पद्धत म्हणून जे शिकवतात, म्हणजे परिस्थिती, जबाबदारी, कृती, परिणाम, ती इथे आहेच. पण त्या चार खोक्यांत समान मजकूर भरू नका. परिस्थिती दोन वाक्यांत उरका. कृतीला निम्म्याहून जास्त वेळ द्या.

कार्यक्षमतेबद्दल एक गैरसमज काढायला हवा. वेग म्हणजे कार्यक्षमता, असं धरून लोक ‘मी फार पटपट काम करते’ असं म्हणतात. माझ्या कानाला त्यात धोका ऐकू येतो, कारण पटपट केलेलं काम परत आलं तर ते दुसऱ्या कुणाला तरी निस्तरावं लागतं. वेगाचा आकडा सांगायचा तर सोबत अचूकतेचाही सांगा: अहवाल दोन तासांवर आला, आणि दुरुस्तीसाठी परत येणं कमी झालं की तेवढंच राहिलं? तुमच्याकडे आकडे नसतील तर आकडे घडवू नका. ‘४० टक्के सुधारणा झाली’ म्हणणाऱ्याला मी नेहमी शांतपणे विचारते, ‘कसं मोजलंत?’ तिथे चाचपडणारा माणूस त्याआधीचं खरं बोललेलंही घालवून बसतो. त्याऐवजी साध्या मोजण्या चालतात: आठवड्याला किती स्मरणपत्रं पाठवावी लागायची आणि आता किती, एखादं प्रकरण टेबलावर किती दिवस पडून राहायचं, चौकशीचे किती फोन यायचे. काही वेळा सर्वांत मोठी कार्यक्षमता काम बंद करण्यात असते. एका उमेदवाराने मला सांगितलं होतं की ती दर महिन्याला जो तक्ता पाठवायची तो कुणी उघडतच नाही अशी तिला शंका आली. तिने सगळ्यांना विचारलं, कुणालाच तो नको होता, आणि मॅनेजरच्या संमतीने तिने तो थांबवला. पाच गुण मी क्वचित देते, तिला दिले. एक सावधगिरी मात्र पाळा. आधीच्या कंपनीचे गोपनीय आकडे, ग्राहकांची नावं, दर हे तोंडून जाऊ देऊ नका. प्रमाणात बोला, ‘अर्ध्यावर आलं’, ‘तिपटीने वाढलं’. जी व्यक्ती तिकडचं इथे सांगते ती इथलंही तिकडे सांगेल, असं पॅनेल धरून चालतं.

‘एकाच वेळी अनेक कामं आली तर?’ या प्रश्नाला ‘मी मल्टिटास्किंग उत्तम करते’ हे उत्तर देऊ नका. हे मी आग्रहाने सांगते. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रुबिनस्टाइन, मेयर आणि इव्हान्स यांच्या प्रयोगांत, लोक एका कामावरून दुसऱ्यावर उडी मारत राहिले की प्रत्येक उडीला वेळ खर्च होतो आणि काम जितकं गुंतागुंतीचं तितका तो खर्च वाढतो, असं दिसलं. २००९ मध्ये सोफी लरॉय यांनी दाखवलं की आधीचं काम अपुरं ठेवून पुढचं घेतलं तर लक्षाचा काही भाग मागेच अडकून राहतो. दुसरी बाजू साध्या गणिताची आहे, जी जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केली. तुमच्या टेबलावर सरासरी १२ प्रकरणं उघडी असतील आणि दिवसाला ३ संपत असतील, तर एक प्रकरण सरासरी ४ दिवस तुमच्याकडे राहतं. त्याच वेगाने काम करत उघडी प्रकरणं ६ वर आणली, की तेच २ दिवसांवर येतं. ‘मी एका वेळी हातात किती कामं उघडी ठेवायची याची मर्यादा पाळते’ असं सांगणारा उमेदवार मला वर्षाकाठी एखादाच भेटतो.

हे संशोधन मुलाखतीत सांगत बसू नका; मी तुम्हाला ते तुमच्या उत्तराला पाठबळ म्हणून दिलं आहे. तिथे सांगायचं ते असं: ‘कामं एकदम आली की प्रत्येकाची खरी मुदत विचारते आणि उशीर झाला तर कुणाचं काय अडेल ते बघते. त्यावरून क्रम लावते. जे मागे पडणार आहे ते ज्याचं आहे त्याला लगेच कळवते.’ मग प्रसंग. आणि त्या प्रसंगात मागे काय ठेवलं हे नक्की सांगा. तातडीचं आणि महत्त्वाचं वेगळं ओळखायचं, हा विचार अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी १९५४ च्या एका भाषणात मांडला होता. त्यावरून केलेला चार चौकटींचा तक्ता आता सगळ्यांनाच पाठ आहे. तक्ता येतो हे ऐकून मला काही समजत नाही. कुठल्या दिवशी कुणाला ‘तुमचं काम उद्या सकाळी देते, आज जमणार नाही’ असं म्हणालात, आणि ती व्यक्ती रागावली का, हे ऐकलं की मी लिहायला लागते.

डेडलाइन हुकल्याचा प्रसंग विचारला की लोकांचा चेहरा उतरतो. ‘माझी डेडलाइन कधीच हुकली नाही’ हे उत्तर मी शेकडो वेळा ऐकलं असेल, आणि त्यावर विश्वास एकदाही बसला नाही. माणसाचा वेळेचा अंदाज चुकतो, हे नीट नोंदवलं गेलेलं आहे. १९९४ मधल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांनी आपला प्रबंध सरासरी ३३.९ दिवसांत पुरा होईल असं सांगितलं. प्रत्यक्षात सरासरी ५५.५ दिवस लागले. उशीर झाला म्हणून मी कुणाला नाकारत नाही. मी दोन तारखा शोधते: उशीर होणार हे तुम्हाला कळलं कधी, आणि तुम्ही ते सांगितलं कधी. त्या दोन तारखांत तासाभराचं अंतर असेल तर उशीर हा तुमच्या बाजूचा पुरावा होतो. चार दिवसांचं असेल तर तेही प्रामाणिकपणे सांगा, आणि त्यानंतर तुम्ही काय बदललं ते दाखवा: मध्यावर एक तपासणीची तारीख ठेवू लागलात, अंदाज देताना आधीच्या तशाच कामाला प्रत्यक्षात किती दिवस लागले ते बघू लागलात, काहीही. दोष मात्र दुसऱ्या विभागावर ढकलू नका. माहिती त्यांच्याकडून उशिरा आली हे खरं असलं तरी, ती मागायला तुम्ही केव्हा गेलात हा प्रश्न उरतोच.

बाकीचे प्रश्न सोपे आहेत. ‘एकट्याने काम आवडतं की टीममध्ये?’ याला ‘दोन्ही’ म्हणून थांबू नका. तुमच्या एका साधारण आठवड्यात किती वेळ एकट्याने जातो आणि किती इतरांसोबत, ते सांगा आणि कुठलं काम कशात चांगलं होतं तेही. ‘दबावाखाली?’ याला दबावाच्या एका आठवड्याचा प्रसंग. कमतरता विचारली तर ‘मी परफेक्शनिस्ट आहे’ नको. खरी, छोटी, आणि जिच्यावर तुम्ही काम करता आहात अशी एक सांगा.

कमी अनुभवाचे किंवा मध्ये काही वर्षं नोकरीबाहेर असलेले वाचकही हा प्रश्न विचारतात. प्रसंग पगारी कामातलाच हवा असं नाही. कॉलेजचा प्रकल्प, एखाद्या कार्यक्रमाची जबाबदारी, आजारी माणसाच्या उपचारांचं वेळापत्रक सांभाळणं, यांतही क्रम लावणं, पाठपुरावा आणि उशीर हाताळणं असतं. फक्त ते तितक्याच तपशिलात सांगा.

आता मला सर्वांत जवळची वाटते ती गोष्ट. पद्धतीबद्दल खोटं बोलू नका, विशेषतः नोकरी अगदी हवी असताना. बऱ्याच वर्षांपूर्वी एका मुलाखतीत मी सांगितलं की मला सतत बदलणारं, धावपळीचं काम आवडतं. मला ते आवडत नव्हतं. मी शांतपणे, सलग दोन-तीन तास एका गोष्टीत बुडून काम करणारी आहे. त्यांना जे ऐकायचं होतं ते मी ओळखलं आणि म्हटलं. निवड झाली. तिथे दर वीस मिनिटांनी काहीतरी नवीन यायचं आणि त्यांच्या दृष्टीने ते योग्यच होतं, कामच तसं होतं. आठ महिन्यांत माझी झोप गेली, आणि स्वतःच्या क्षमतेवरचा विश्वास परत यायला त्याहून जास्त काळ लागला. तेव्हापासून मुलाखत घेताना मी उमेदवाराला आमचं काम खरं कसं आहे ते आधी सांगते आणि मग त्यांची पद्धत विचारते. काही पॅनेल हे करत नाहीत, म्हणून तुम्ही विचारा. शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचं आहे का?’ येतं, तेव्हा हे विचारता येईल: या पदावर तातडीची कामं कुठून येतात आणि साधारण किती वेळा? दोन कामांचा क्रम लागत नसेल तर निर्णय कोण देतं? पहिल्या तीन महिन्यांनंतर माझं काम चांगलं चाललं आहे हे तुम्ही कशावरून ठरवाल? यांची उत्तरं गोलमोल आली तर तीही तुमच्या निर्णयासाठी माहितीच आहे.

तुमच्याकडे दहा दिवस आहेत. पहिले तीन दिवस फक्त आठवण्यासाठी ठेवा: जुने ईमेल, कॅलेंडर, वह्या चाळा आणि निदान बारा प्रसंग दोन-दोन ओळींत टिपा. कंपनीच्या कागदपत्रांची प्रत घरी आणू नका, आठवण जागी होण्यापुरतं बघा. चौथ्या दिवशी त्यांतले पाच निवडा: अहवालाचा, कामं आदळली तेव्हाचा, उशीर झाला तेव्हाचा, कुणाशी मतभेद झाला तेव्हाचा, आणि तुम्ही स्वतःहून काही बदललं तेव्हाचा. ते पूर्ण वाक्यांत लिहून काढू नका. लिहिलं की पाठ होतं, आणि पाठ केलेलं उत्तर मध्येच कुणी प्रश्न विचारला की कोसळतं. प्रत्येकाचे चार-पाच शब्द एका कार्डावर पुरेत. मग रोज एक प्रसंग, ज्या भाषेत मुलाखत होणार आहे त्याच भाषेत, मोठ्याने बोलून फोनवर रेकॉर्ड करा आणि ऐका. ‘आम्ही केलं’ असं किती वेळा म्हणालात ते मोजा. जिथे तुम्ही एकटीने केलं होतं तिथे ‘मी’ म्हणा. नवव्या दिवशी कुणाला तरी समोर बसवा आणि त्यांना एकच काम द्या: तुमच्या प्रत्येक उत्तरानंतर ‘मग?’ किंवा ‘कसं कळलं?’ असं विचारायचं. तिसऱ्या ‘मग?’लाही तुमच्याकडे सांगायला काही खरं असेल, तर तो प्रसंग तयार आहे. नसेल, तर बारांतला दुसरा घ्या. दहाव्या दिवशी काही करू नका. आणि तिथे बसल्यावर प्रसंग आठवलाच नाही तर ‘अर्धा मिनिट विचार करू का?’ असं सरळ विचारा. मी आजवर कुणालाही नाही म्हटलेलं नाही.